तळ्यावरची पाळी

अल धैद, शारजा
१३ डिसेंबर १९९६

ती. ताईस,

दत्तूचा दंडवत. पत्राला उशीर झाला, कारण आम्ही घर बदललं. अल मनखूलची तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडली. निखिल म्हणाला, बाबा, दुबईत भाडं दरवर्षी वाढतंय आणि मुलांना पाय ठेवायला अंगण नाही. आता आम्ही शारजाच्या आतल्या बाजूला, अल धैदच्या अलीकडे, एका अरबाच्या शेतावर राहतो. त्याचं नाव अहमद. खजुराच्या बागेच्या मधोमध त्याने मोठं तळं केलंय आणि तळ्याभोवती अठरा बैठी घरं बांधून भाड्याने दिली आहेत. निखिलला इथून कारखाना जवळ. वेदांग आणि ईश्वरी खूश आहेत. साधनाला मात्र भाजीला लांब जावं लागतं.

तळं म्हणजे आपल्याकडच्यासारखं नाही. विहिरींचं पाणी बागेसाठी साठवायला खणलेलं. वाळूत मुरू नये म्हणून तळाला आणि उताराला जाड काळं प्लास्टिक अंथरलंय, त्याच्यावर शेवाळ धरतं. पहिल्याच दिवशी मी काठी टेकून बघितली, ती सुळकन आत गेली. मी निखिलला म्हटलं, यात पडलेला माणूस वर कसा येणार? धरायला काही नाही. तर म्हणाला, "बाबा, आल्या आल्या निगेटिव्ह बोलायला सुरुवात करू नका."

इथे रहिवाशांचं एक मंडळ आहे, पण ते सक्तीचं नाही. ज्याला वाटेल त्याने यावं, ज्याला वाटेल त्याने काठ झाडावा, दिव्याचा बल्ब बदलावा. कुणी आलं नाही तर कुणी विचारत नाही. मला हे पटत नाही. रेल्वेत रूळ बदलून देणाऱ्या सांधेवाल्याची पाळी असली की असली. "आज मला वाटलं नाही" म्हणून सांधा तसाच ठेवला असता तर मिरज जंक्शनवर काय झालं असतं! पण निखिल म्हणतो, "इथे सगळं व्हॉलंटरी असतं. एन्जॉय करा."

मंडळाचा सेक्रेटरी जहूर. पाकिस्तानातला गुजरांवाल्याचा आहे, पंपांच्या कंपनीत सुपरवायझर. त्याचं घर आमच्या अगदी समोर, मध्ये फक्त वाट. पहिल्याच संध्याकाळी चहाची किटली घेऊन आला आणि म्हणाला, "चाचा, आप रेलवे के आदमी हैं, हमारा जुम्मा सँभाल लीजिए." शुक्रवारी सुट्टी असते, बाहेरची माणसं मुलाबाळांना घेऊन तळ्यावर येतात. म्हणून मंडळाने पाळ्या लावल्यात. एकाने काठावर खुर्ची टाकून बसायचं आणि पोरं उताराकडे गेली की हाकलायचं. माझी पाळी कधीतरी येते, पण मी दर शुक्रवारी जातो. ज्याची पाळी असेल तो झोपून गेला तर काय घ्या. मी एक शिट्टीही आणली. पाच दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये. जहूर मला चिडवतो, "चाचा, आपकी सीटी सुनके मछलियाँ भी बाहर आ जाती हैं. पूछती हैं, हमने क्या किया?" त्याची पाच वर्षांची मुलगी खतीजा मला सीटीवाले दादा म्हणते, दादा म्हणजे त्यांच्यात आजोबा.

मी जहूरला म्हटलं, पाळीने भागायचं नाही, तळ्याला जाळी पाहिजे. तो म्हणाला, "इन्शाल्ला चाचा, मीटिंग में रखेंगे." ठेवलंही त्याने. एक इंग्रज आहे, तो म्हणाला जाळी लावली की तळं दिसायचं नाही. केरळवाले म्हणाले, बघू. अहमदचं म्हणणं, मंडळाने एकमताने मागितली तर मी लावून देतो. आता वाटलं तर या म्हणणाऱ्या मंडळात एकमत कुठून आणायचं? विषय पुढे ढकलला.

थंडी पडली आहे. तू गुडघ्याला पट्टा बांधतेस ना?

दत्तू

*

मिरज
३० डिसेंबर १९९६

दत्तू,

आशीर्वाद. माणसं वाळवंटात जाऊन सोनं शोधतात. तू तळं शोधलंस आणि लगेच त्याची काळजी करायला बसलास. धन्य आहे तुझी.

लोक सुट्टीचे चार घास सुखाने खायला येत असतील, त्यांना शिट्ट्या वाजवून पळवू नकोस. लहानपणी मी आडावर पाणी काढायला गेले की तू पदर धरून उभा राहायचास, ताई पडशील, ताई पडशील. एकदा त्या ओढाओढीनेच पडले असते.

पण एक वाचून बरं वाटलं. वहिनी गेल्यापासून तू कुणाशी हसून बोललास असं पहिल्यांदाच लिहिलंयस. त्या जहूरला माझा आशीर्वाद सांग. त्याच्या घरी चहा घेतोस ते ठीक, साखर किती घेतोस ते मला इथून दिसतंय.

येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ते डोक्याला लावायचं झोंबणारं तेल पाठव, हिरव्या बाटलीतलं. इथे सगळ्या बायकांना मी कबूल करून बसले आहे. अक्षर मोठं दिसेल, पेन जाड आहे.

ताई

*

अल धैद
४ मार्च १९९७

ती. ताईस,

दंडवत. आम्ही सगळे ठीक. तेलाच्या बाटल्या निखिलच्या ऑफिसातल्या एका माणसाबरोबर पाठवल्या आहेत, तो पुण्याला उतरला की कुरिअर करील. हवा आता गरम व्हायला लागली. ईश्वरीला खोकला होता, बरा झाला. वेदांगला शाळेत बक्षीस मिळालं.

शुक्रवारी हल्ली पाळी नसते. मीही बाहेर फारसा जात नाही. जहूर कामात असतो.

निखिलला मी तिकिटाचं विचारलं आहे. इथे माझा काही उपयोग नाही असं वाटतं. कळव, वरची खोली रिकामी आहे ना?

दत्तू

*

मिरज
१६ मार्च १९९७

दत्तू,

पानभर लिहिलंस आणि सांगितलं काहीच नाहीस. ईश्वरीचा खोकला, वेदांगचं बक्षीस! तू आणि काळजीशिवाय पत्र लिहिणार? काहीतरी मोठं दडवलंयस तेव्हाच असं लिहितोस. वहिनीच्या आजारात अशीच पत्रं यायची, सगळे ठीक, हवा बरी.

खोली रिकामी आहे. पण कुणाला तोंड चुकवायला येणार असशील तर कुलूप लावून ठेवते. काय झालं ते लिही. माझ्या बीपीची सबब सांगू नकोस, न कळण्याने ते जास्त वाढतं.

ताई

*

अल धैद
३० मार्च १९९७

ती. ताईस,

तुला लिहायचं नव्हतं. पण तू सोडणार नाहीस.

जहूरची खतीजा गेली. तळ्यात.

रमजानची ईद होऊन थोडेच दिवस झाले होते. मंगळवार होता, दुपारची वेळ. शुक्रवार नाही म्हणून कुणाचीच पाळी नव्हती. जहूरची बायको हमीदा आतल्या खोलीत इस्त्री करत होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. बागेतल्या गड्याला पाण्यावर चप्पल दिसली, तो ओरडला. मी जेवून पडलो होतो. धावत गेलो तोवर त्याने तिला उचललं होतं, पण त्या प्लास्टिकवर त्याचाच पाय टिकत नव्हता. दोर टाकला तेव्हा तो वर आला. पुढचं लिहीत नाही.

पोलिसांचं सगळं आटपून दुसऱ्या दिवशी माती दिली. निखिल सकाळी भेटून कामावर गेला. मी इंग्रजाच्या गाडीतून कब्रस्तानात गेलो. मी बाजूला उभा राहणार होतो, पण जहूरच्या भावाने हाताला धरून पुढे नेलं. मीही मूठभर माती टाकली. ताई, खड्डा केवढासा होता.

माझ्या बाजूने मी सगळं रीतीप्रमाणे केलं. कुठे बोट ठेवायला जागा ठेवली नाही. परत आल्यावर तसाच घरात शिरलो नाही. पुढच्या अंगणात नळ आहे, तिथूनच साधनाला हाक मारली. तिने बादली आणि टॉवेल बाहेर आणून ठेवला. डोक्यावरून आंघोळ केली, कपडे तिथेच भिजवले, दारातल्या कडुनिंबाचं पान चावलं आणि मग उंबरा ओलांडला. त्यांच्याकडे चूल पेटली नसणार म्हणून संध्याकाळी साधनाकडून पिठलं-भात करून घेतला आणि वेदांगच्या हाती पाठवला. डबा तसाच परत आला. झाकणसुद्धा उघडलेलं नव्हतं.

तेव्हापासून जहूर माझ्याशी बोलत नाही. मी समोर आलो की गाडीचं काहीतरी बघायला वाकतो. हमीदा खिडकीचा पडदा ओढून घेते. मी दोनदा हाक मारली. एकदा तो म्हणाला, "अभी नहीं." दुसऱ्यांदा दार लावून आत गेला.

कारण मला ठाऊक आहे. मी शिट्टी गळ्यात घालून मिरवत होतो. तळ्याचं मी बघतो, असं सगळ्यांना सांगत होतो. आणि त्याची पोर गेली तेव्हा मी घोरत होतो. त्याने तोंडावर म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याने सेक्रेटरीपण सोडलं. तेव्हा कळलं की मंडळ म्हणजे तोच होता. तो दारोदार जाऊन हसत हसत लोकांना बोलवायचा म्हणून लोक यायचे. आता पाळी कुणी लावत नाही. पहिले दोन शुक्रवार तळ्यावर कुणी फिरकलं नाही, तिसऱ्या शुक्रवारी परत माणसं आली, चटया टाकल्या, पोरं उतारावर. मी एकटा जाऊन बसलो. शिट्टी तोंडाला लावली पण फुंकवेना. हमीदाच्या खिडकीत ऐकू जाईल असं वाटलं.

अहमद स्वतः आला होता. तो म्हणाला, आता कुणाच्या एकमताची गरज नाही. जहूरने फक्त येऊन जाळी कुठून कुठे हवी ते दाखवावं, त्याच्या घरातलं माणूस गेलंय, तो सांगेल तशी लावतो. त्याच्याशिवाय मी हात लावणार नाही, ते बरं दिसणार नाही. पण जहूर जात नाही. निखिलला म्हटलं, तू जाऊन त्याला समजाव. तो म्हणाला, "बाबा, त्यांना स्पेस द्या." परवा वेदांगचा चेंडू उतारावर गेला आणि तो काढायला वाकला. मी केवढ्यांदा तरी ओरडलो. तो म्हणतो, "आजोबा, आय नो हाऊ टू स्विम." स्विमिंग पूलमध्ये पोहतो तो. त्या शेवाळावर काय पोहणार?

जहूरचा दरवाजा बंद, जाळी त्याच्यापाशी अडलेली, आणि माझ्यामुळे तो बाहेर येत नाही. मी इथून गेलो तर कदाचित येईल. म्हणून मिरजेला यायचंय.

दत्तू

*

मिरज
११ एप्रिल १९९७

दत्तू,

आधी रडून घेतलं, मग लिहायला बसले. पाडव्याला गोड केलं नाही. सुनेने विचारलं तर तिला काय सांगणार, कोण गेलं म्हणून?

तुझ्या पत्रातला एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचला. पोरीचा नाही, नळाचा.

ते घर तुमच्या अगदी समोर आहे असं तूच लिहिलं होतंस. मग त्यांच्या खिडकीतून तुमचा नळ दिसत असणार. आता जरा त्या खिडकीत उभा राहा. पोटच्या पोरीला माती देऊन माणसं नुकती घरी आली आहेत. समोरचा शेजारी, त्याच पोरीला माती देऊन आलेला, आपल्या दारात थांबतो. घरात शिरत नाही. बादल्यांवर बादल्या डोक्यावर ओततो. अंगावरचे कपडेसुद्धा आत नेत नाही. तोंडात पाला चावून थुंकतो. त्यांना काय वाटलं असेल? आमच्या मेलेल्या लेकराचा याला विटाळ झाला. आणि वर त्याच घरातून संध्याकाळी जेवणाचा डबा येतो. मी असते तर मीही उघडला नसता.

इथे आपल्या बोळातली मुसलमान सतारवाल्यांची म्हातारी गेली तेव्हा अख्खा बोळ मातीला गेला आणि येऊन नळावर आंघोळ केली. तिच्या मुलांना काही वाटलं नाही. कारण ते आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या बघतायत. बाबांना पोचवून आलो तेव्हा तू याच नळाखाली कुडकुडत उभा होतास, ते त्यांनी आपल्या ओट्यावरून पाहिलंय. तिथे जहूरने काय पाहिलंय? त्याला कुणी सांगितलंय?

स्वतःला दोषी ठरवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही, पण दरवेळी भलत्याच गोष्टीसाठी. झोपलास हा तुझा गुन्हा नाही. न सांगता आंघोळ केलीस हासुद्धा गुन्हा नाही, पण तो काटा तूच टोचलायस आणि तूच काढायचा आहेस. जा आणि सांग, की आमच्याकडे आई गेली तरी आंघोळ करतात, बायको गेली तरी करतात. निखिलला पाठवू नकोस, तो इंग्रजीत सांगेल. तू जा. सांगून झालं की मग खुशाल ये, कुलूप काढून ठेवीन.

तू खरं लिहिलंस म्हणून मीही लिहिते. पेन जाड नाही, मोतीबिंदू पिकलेत. तुझं पत्र भिंग धरून वाचलं. पावसाळ्यात ऑपरेशन करायचं म्हणतायत. तू याची काळजी करणार आहेसच, तर आधी ते काम कर, मग ही कर.

ताई

*

अल धैद
२७ एप्रिल १९९७

ती. ताईस,

डोळ्यांचं आधी का कळवलं नाहीस? डॉक्टर कोण? शुगर तपासली का? एका डोळ्याचं आधी करून घे, दोन्हीचं एकदम करू नकोस.

तू म्हणतेस तसं नसेल गं. जहूर समजूतदार आहे, एवढ्यातेवढ्यावरून रागावणारा नाही. साधनाला विचारलं. ती आधी म्हणाली, "काहीतरीच काय, बाबा." मग खिडकीतून समोर बघत राहिली आणि म्हणाली, "टॉवेल तर मीच आणून दिला होता." नंतर ती जेवली नाही. निखिलचं म्हणणं, झालं ते झालं, आता परत तो विषय काढून त्यांना दुखवू नका.

आणि समज मी गेलो आणि तसं काही त्यांच्या मनातच नसलं तर? मग मीच ते त्यांच्या मनात घालून येईन. दोनदा फाटकापर्यंत गेलो. एकदा त्यांच्याकडे पाहुणे होते. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं तरी परत आलो.

दत्तू

*

मिरज
८ मे १९९७

दत्तू,

गेलास का?

ताई

*

अल धैद
६ जून १९९७

ती. ताईस,

गेलो.

तुझं ते एका ओळीचं पत्र आलं त्याच दिवशी, दुपारची नमाज झाल्यावर. काय बोलायचं ते हिंदीत पाठ केलं होतं. जहूरने दार उघडलं. दाढी वाढलेली. म्हणाला, "क्या है, चाचा?" आणि माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी नुसतं आमच्या नळाकडे बोट केलं आणि म्हटलं, "वो नहाया ना उस दिन, वो हमारे में करते हैं. माँ मरी तब भी नहाया. बाप मरा तब भी. मेरी घरवाली मरी तब भी वैसा ही बाहर नहाया."

तो दाराला धरून उभा राहिला. मग म्हणाला, "अपनी बीवी के लिए भी?"

"हाँ. नहाए बिना अंदर कोई नहीं आता. अपना हो, पराया हो."

"और वो पत्ता?"

"वो भी."

ताई, त्यांनी सगळं पाहिलं होतं. पान चावलेलंसुद्धा.

आतून हमीदाचा आवाज आला, "अंदर आने दीजिए ना उनको."

मी आत बसलो. कोचावर एका बाजूला लहान मुलीचे धुतलेले कपडे घडी घालून ठेवलेले होते, कुणी हलवले नव्हते. जहूर समोर बसला आणि खाली बघून म्हणाला, "चाचा, हमको लगा आप हमारी बच्ची को अपने ऊपर से धो रहे हैं." मी म्हणायला गेलो की तसं नाही, तिला मी कसा, आणि मला रडू आलं. दुसऱ्याच्या घरात, त्यांचं एवढं मोठं दुःख असताना, मी म्हातारा माणूस हुंदके देत बसलो. जहूरने पाणी आणून दिलं. मी पीत असताना तो म्हणाला, "जाली की बात आपने कही थी. मैंने कहा था मीटिंग में रखेंगे." मग म्हणाला, "आपसे नाराज़ रहना आसान था, चाचा."

म्हणजे तूही अर्धंच ओळखलं होतंस, आणि मी तर काहीच नाही. तो अहमदकडे का जात नव्हता ते मला तेव्हा समजलं.

मी उठायला लागलो तेव्हा हमीदा बोलली. इतका वेळ ती दाराच्या चौकटीत उभी होती. म्हणाली, "आप तो हर जुम्मे बैठते थे. मैं घर में होती थी, रोटी, कपड़े, यही सब. वो पानी के पास क्या करती थी? आपने तो देखा होगा."

मी पाहिलं होतं, ताई. सगळ्या पोरांवर माझी नजर असायची, तुला माहीत आहे माझा स्वभाव. मी परत बसलो आणि सांगितलं. खतीजा तळ्यातल्या बदकांची हजेरी घ्यायची. प्रत्येकाला तिच्या वर्गातल्या मुलांची नावं दिली होती, आणि एखादं बदक पाण्याखाली डोकं घालून राहिलं की त्याला गैरहजर लावायची. हमीदाने ओढणी तोंडावर धरली. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. तिला विचारायचं होतं की कोणती नावं. मला दोन आठवली. तिने बाकीची स्वतः सांगितली, वर्गातली सगळी पोरं तिला पाठ होती.

दुसऱ्या दिवशी वेदांगच्या हाती निरोप आला, "आजोबा, आन्टी वॉन्ट्स यू फॉर टी." तेव्हापासून रोज जातो. तळ्यापलीकडच्या घरात एक सुदानी मास्तर राहतात, त्यांच्या मागून पाठीशी हात बांधून ती त्यांच्यासारखी चालायची ते सांगितलं. माझ्या शिट्टीत वाटाणा कशाला टाकलाय, तो भिजला तर उगवेल का, असं विचारायची ते सांगितलं. केरळवाल्यांच्या पोराने उतारावर पाय ठेवला की माझ्याआधी तीच ओरडायची, हे सांगताना मी मध्येच थांबलो. पण हमीदा म्हणाली, "रुकिए मत." जहूर आधी दुसऱ्या खोलीत बसायचा. मग दारात यायला लागला. आता शेजारी येऊन बसतो.

गेल्या आठवड्यात त्याने मला म्हटलं, "यल्ला चाचा, चलिए." आम्ही दोघे अहमदकडे गेलो. मग तिघांनी तळ्याभोवती फिरून कुठून कुठे ते ठरवलं. एका जागी जहूर थांबला, तिथे आम्हीही थांबलो. परवापासून खांब रोवतायत. माणसाच्या छातीइतकी उंच जाळी आहे. फाटकाची कडी वरच्या बाजूला, मुलांचा हात पोचणार नाही अशी. इंग्रज स्वतः खांब धरायला आला होता. जाळी पुरी होईपर्यंत शुक्रवारची पाळी पुन्हा लावली आहे, जहूर आणि मी एकत्र बसतो. तो मस्करी करत नाही. पण खुर्ची माझ्यासाठी सावलीत लावून ठेवतो.

मिरजेला मी तुझ्या ऑपरेशनला येईन, महिनाभर राहीन आणि परत येईन. निखिलला तसं सांगितलं. तो "बरं" म्हणाला, पण तिकीट अजून काढलेलं नाही. त्याची मला काळजी लागली आहे.

आता एका गोष्टीबद्दल तुझं मत हवंय. हे मी इथे कुणाला बोललो नाही. जेवढं मी पाहिलं होतं तेवढं सगळं सांगून झालं. रोज आठवून आठवून काढत होतो, तेही संपलं. काल हमीदा माझ्यापुढे चहा ठेवून बसली आणि माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. ती वाट बघत होती. तेव्हा मी एक गोष्ट रचली. म्हटलं, एकदा खतीजा माझ्या खुर्चीपाशी आली आणि म्हणाली, दादा, आप थक गए हो, घर जाके सो जाओ, आज मैं देखती हूँ.

असं ती कधी म्हणाली नव्हती. म्हणाली असती, पण म्हणाली नव्हती. आणि खोटं बोलताना माझा आवाज पडतो, ते तुला ठाऊक आहे, लहानपणी तू मला त्यावरूनच पकडायचीस. हमीदा माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असणार. मग तिने बशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "चाचा, ये वाली फिर से सुनाइए."

मी पुन्हा सांगितली.

दत्तू